गादी राखणाऱ्या मैनाबाई

माळव्यातल्या आपल्या जुन्या मराठी घरांत अहिल्याबाईंचे नाव देवाच्या नावाबरोबर घेतले जाते. त्यांच्या मागून एका पिढीने, इंदूरपासून पंधरा-सोळा कोसांवर, धारच्या वाड्यात आणखी एका विधवेने एक राज्य बुडता बुडता धरून ठेवले. पण त्या मैनाबाई पवारांचे नाव आज धारबाहेर फारसे निघत नाही. मला त्यांची आठवण झाली ती आमच्या घरची वंशावळ नव्या कागदावर उतरवून काढताना. पेटीतल्या जुन्या कागदावर नऊ पिढ्यांचे पुरुष ओळीने मांडलेले आहेत. दोन ठिकाणी नावापुढे दत्तक असा शेरा आहे. एका फांदीवर मात्र नाव येऊन थांबते आणि पुढे रेघच नाही. ती फांदी माझ्या चुलतपणजीची. ऐन तारुण्यात वैधव्य आले, मूल नव्हते, दीराचा धाकटा मुलगा मांडीवर घ्यावा अशी तिची फार इच्छा होती. पण भाऊबंदांनी होकार दिला नाही. फांदी तिथेच सुकली. मैनाबाईंच्या गोष्टीत हाच प्रसंग आहे. फरक इतकाच, की त्यांनी ती फांदी सुकू दिली नाही.

मैनाबाईंची हकीकत समजण्यासाठी पवारांचे घर आधी नीट पाहिले पाहिजे. धार आणि देवास ही एकाच घराण्याची दोन बिऱ्हाडे. पवार मूळचे सुप्याचे. बुवाजी पवारांचे दोन मुलगे, काळोजी आणि संभाजी. संभाजींचे पुत्र उदाजी व आनंदराव यांच्या शाखेकडे धार आले. काळोजींचे पुत्र तुकोजी आणि जिवाजी यांनी देवास घेतले. या दोघा भावांनी देवासची वाटणी अशी केली की जगात तिला तोड सापडणे कठीण. थोरली पाती आणि धाकटी पाती असे राज्याचे दोन भाग झाले, गाव मात्र एकच राहिला. एकाच देवासात दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार नांदू लागले. राज्य थोरल्याकडे जावे हा राजघराण्यांचा रिवाज. पण देवासच्या भावांनी आपल्या राज्याला घरच्या शेताचा नियम लावला, म्हणजे भाऊ तितके वाटे आणि वाटे सारखे. १२ डिसेंबर १८१८ रोजी इंग्रजांनी देवासशी तह केला तोही दोन्ही पात्यांशी मिळून एकच.

देवासात अशा रीतीने हिस्सेदार दोन होते. धारच्या नशिबी उलट आले. तिथे एकेका पिढीत हिस्सा घ्यायला एखादे तान्हे मूल, आणि तेही कधी कधी अजून जन्माला यायचे! पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी धारचे यशवंतराव पवार कामी आले, तेव्हा त्यांचे पुत्र खंडेराव अगदी लहान होते. कारभाऱ्यांच्या हाती दौलत गेली. खंडेरावांनी पुढे राघोबादादांचा पक्ष धरला. आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात आसरा मिळाला आणि जानेवारी १७७५ मध्ये तिथेच दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. त्या आधीच्या वर्षी पुरंदरावर सवाई माधवराव जन्माला आले होते, वडिलांच्या खुनानंतर काही महिन्यांनी. आणि गर्भातल्या त्या मुलाच्या नावाने बारभाईंनी पेशवाईचा गाडा हाकला होता. जन्माला न आलेल्या मुलाचा हक्क ही त्या काळी पुस्तकातली चर्चा नव्हती. त्याच्यावर फौजा हलत होत्या.

खंडेरावांना बडोद्याच्या गोविंदराव गायकवाडांची कन्या दिली होती. १७८० साली खंडेराव वारले तेव्हा ती गरोदर होती. वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेला हा मुलगा, दुसरे आनंदराव, आजोळी बडोद्यास वाढला. वयाच्या सतराव्या वर्षी, १७९७ च्या सुमारास, तो धारला आपला हक्क घ्यायला आला. दिवाणाने त्याला सहजी आत येऊ दिले नाही. अखेर गादी मिळाली, पण स्वस्थता नाही. शिंदे आणि होळकर यांच्या झगड्यात माळव्यातील लहान संस्थाने दोन्ही बाजूंनी भरडली जात होती, आणि धारचे परगणे एकामागून एक हातचे चालले होते. दहा वर्षे असे झुंजून १८०७ साली आनंदराव वारले. त्यांच्या पत्नी मैनाबाई. त्या वेळी त्याही गरोदर होत्या.

सासूच्या वाट्याला जे आले होते तेच सुनेच्या वाट्याला आले. पण सासूला बडोद्यासारखे बळकट माहेर होते; मैनाबाईंना शत्रू घरातच भेटला. यशवंतराव पवारांचा एक दासीपुत्र होता, मुरारराव. गादी रिकामी दिसताच तो पुढे सरसावला. मैनाबाईंच्या पोटी मुलगा झाला तर मुराररावाचा डाव संपणार होता, आणि न झाला तर मैनाबाईंचा. बाळंतपण हेच राजकारण ठरले. धारमध्ये राहणे धोक्याचे पाहून मैनाबाई सात-आठ कोसांवरच्या मांडवगडावर गेल्या. एके काळी सुलतानांचे वैभव पाहिलेल्या त्या उजाड गडावर त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव रामचंद्रराव ठेवले.

येथे कायद्याचे दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यांच्यावाचून मैनाबाईंची धडपड नीट कळत नाही. आपल्या धर्मशास्त्राने गर्भातल्या पुत्राला जन्मलेल्या पुत्राइतकाच वारस मानले आहे. वाटणी होताना घरात कुणी गरोदर असेल तर थांबावे, नाही तर मागाहून त्या मुलाचा वाटा काढून द्यावा, असा नियम आहे. हा नियम आपल्यापुरता नाही. रोमन कायद्यात तो होता, आणि स्पेनचा तेरावा आल्फोन्सो १८८६ साली जन्मला तो वडिलांच्या मृत्यूनंतर, जन्मतःच राजा म्हणून. त्याच्या आईने १९०२ पर्यंत त्याच्या नावाने राज्य चालविले. मैनाबाईंची जागा हीच. राज्य मुलाचे होते. त्या केवळ त्याच्या आई, म्हणजे राखणदार.

मुराररावाच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. तो यशवंतरावांचाच मुलगा. त्रैवर्णिकांच्या घरी दासीपुत्राला फक्त अन्नवस्त्राचा हक्क, आणि शूद्रांच्या घरी वाट्यातला काही अंश, असे शास्त्र सांगे. गादी त्याला कुठेच नव्हती. बापाच्या चुकीचा भुर्दंड मुलाने जन्मभर भरावा हे आज आपल्याला खटकते. १९५५ च्या विवाह कायद्याने विवाह रद्दबातल ठरला तरी त्यातील संतती औरस मानली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अशा संततीला आईबापांच्या एकत्र कुटुंबातील हिश्शातही वाटा असल्याचे सांगितले. विवाहाशिवाय झालेल्या मुलाला वडिलांच्या इस्टेटीत हा हक्क अजूनही नाही. म्हणजे मुराररावाचा प्रश्न दोनशे वर्षांत अर्धाच सुटला आहे. त्याने तो बंडाने सोडवू पाहिला. मैनाबाईंनी किल्ला धरून ठेवला, बडोद्याहून मदत आणली, आणि मुरारराव हरला.

पण खरी परीक्षा पुढेच होती. दोन-तीन वर्षांचा असताना रामचंद्रराव वारले.

ज्या मुलासाठी त्या मांडवगडावर गेल्या, ज्याच्यासाठी त्यांनी किल्ला लढविला, तो गेला. कुणाही आईला शोक करायला काही दिवस मिळतात. मैनाबाईंना ते मिळाले नसावेत. गादी रिकामी आहे ही बातमी शिंदे-होळकरांच्या छावण्यांत पोचण्याच्या आत ती भरायला हवी होती. त्यांनी आपल्या बहिणीचा मुलगा, गेलेल्या मुलाच्याच वयाचा, दत्तक घेतला. शिंदे आणि होळकर यांची संमती मिळविली. आणि त्या मुलाचे नाव ठेवले रामचंद्रराव.

या एका कृतीत किती गोष्टी होत्या हे पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, विधवेला दत्तक घेण्याचा अधिकार आहे काय? वसिष्ठांचे सूत्र असे की पतीच्या अनुज्ञेशिवाय स्त्रीने मुलगा देऊ नये आणि घेऊ नये. आता पतीच वारला तर अनुज्ञा कुणाची? मिथिलेच्या पंडितांनी ठरविले की मग विधवेला दत्तक घेताच येत नाही. बंगालच्या पंडितांनी म्हटले, पतीने हयातीत सांगून ठेवले असेल तर घेता येतो. दक्षिणेत द्रविड देशी सपिंडांची संमती पुरेशी मानली. आपल्या महाराष्ट्रात मात्र नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख चाले. हे भट्ट घराणे मूळ पैठणचे, काशीस जाऊन राहिलेले. त्यांच्या मताने पतीने स्पष्ट मनाई केली नसेल तर विधवेला अनुज्ञेची गरज नाही. एकाच सूत्राचे चार प्रांतांत चार अर्थ झाले, आणि त्यांतला सर्वांत उदार अर्थ मराठी मुलखाच्या वाट्याला आला. मैनाबाई मिथिलेत जन्मल्या असत्या तर धारची गादी तिथेच संपली असती.

दुसरी गोष्ट, मुलगा गेल्यावर आईला पुन्हा पतीसाठी दत्तक घेता येतो काय? याचे उत्तर पुढे प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेल्या खटल्यांतून निघाले. मुलगा मोठा होऊन मागे आपली विधवा ठेवून वारला तर आईचा अधिकार संपतो, कारण वंश चालविण्याचे काम आता सुनेचे. मुलगा लहानपणीच, अविवाहित वारला तर आईचा अधिकार पुन्हा जागा होतो. रामचंद्रराव तान्हेच गेले, म्हणून मैनाबाईंचा मार्ग मोकळा राहिला. शास्त्राची चक्रे अशी फिरतात, की आईचा शोक आणि आईचा अधिकार एकाच क्षणी सुरू होतो.

तिसरी गोष्ट, मुलगा कुणाचा घ्यावा? ज्या मुलाच्या आईशी दत्तक घेणाऱ्या पुरुषाचा विवाह शास्त्राने होऊ शकला नसता तो मुलगा घेऊ नये, असा द्विजांसाठी नियम होता. म्हणून मुलीचा मुलगा, बहिणीचा मुलगा, मावशीचा मुलगा वर्ज्य. पण मैनाबाईंची बहीण ही आनंदरावांची मेहुणी. मेहुणीशी विवाह निषिद्ध नाही, तेव्हा तिचा मुलगा चालतो. शास्त्राप्रमाणे मार्ग होता खरा, पण रीत अशी की पसंती आधी भाऊबंदांच्या मुलाला. मैनाबाईंनी निवड माहेरच्या नात्यातून केली. मला वाटते, मुराररावाचा अनुभव घेतलेल्या बाईने हे समजून उमजून केले. भाऊबंदाचा मुलगा घेतला की त्याचा जन्मदाता बाप पाठोपाठ वाड्यात येतो आणि कारभार मागतो. बहिणीच्या मुलाबरोबर बहिणीची माया येते.

त्या बहिणीचाही विचार मनात येतो. दत्तविधानात मुलगा देतो तो बाप. तो हयात असताना आईला एकटीने मूल देण्याचा अधिकार नव्हता. होमापुढे देणे आणि घेणे झाले की मुलाचे गोत्र बदलते, जन्मघरातला वाटा सुटतो, जन्मदात्यांचे श्राद्ध करण्याचा अधिकारही संपतो. एका बहिणीचे मूल मृत्यूने नेले, दुसरीचे विधीने. आणि त्या मुलाला स्वतःचे नावही उरले नाही.

दत्तकाने गादी भरली, तरी राज्य भरले नाही. पुढची आठ वर्षे पेंढाऱ्यांची आणि फौजांच्या लुटीची. धारचा अंमल जवळजवळ शहरापुरता उरला होता. तिसऱ्या मराठा युद्धानंतर माळव्याची घडी नव्याने बसली, तेव्हा १० जानेवारी १८१९ रोजी इंग्रजांशी तह झाला. बदनावर आणि बेरसिया हे परगणे धारला परत मिळाले. पैकी बेरसिया कर्जाच्या फेडीसाठी काही वर्षे इंग्रजांकडे राहिला. स्वातंत्र्य गेले, राज्य वाचले. तहात नाव रामचंद्रराव पवारांचे आहे, आणि ते त्या वेळी दहा-अकरा वर्षांचे होते! ज्यांच्यामुळे तह करायला राज्य शिल्लक राहिले त्या मैनाबाई कायद्याने त्या राज्याच्या कुणीच नव्हत्या. सर जॉन माल्कम यांनी मात्र १८२३ साली लंडनला छापलेल्या मध्य हिंदुस्थानवरील ग्रंथात त्यांची हकीकत घातली. म्हणून आज ती आपल्याला कळते.

मैनाबाईंच्या दत्तकाचे मोल पुढे अधिक कळते. १८३३ साली रामचंद्ररावही वारले आणि यशवंतराव दत्तक आले. त्यानंतर डलहौसींचा अंमल आला. १८४८ साली सातारा, १८५४ साली नागपूर आणि झाशी दत्तक नाकारून खालसा झाली. व्यक्तीच्या इस्टेटीला दत्तक चालेल, राज्याला चालणार नाही, असा भेद इंग्रजांनी केला. धारची गादी मैनाबाईंच्या आणि १८३३ च्या दत्तकांवर उभी होती आणि तो काळ ओलांडून गेली. १८५७ च्या उठावानंतर धार जप्त झाले ते वेगळ्या कारणाने. १८६० साली बेरसिया वगळून ते परत मिळाले, आणि १८६२ साली दत्तकाची सनदही आली. नंतर १८९८ साली दुसरे उदाजीराव दत्तक, १९२६ साली चौथे आनंदराव दत्तक. ते लहान असल्याने लक्ष्मीबाईसाहेबांनी त्यांच्या वतीने कारभार पाहिला. मैनाबाईंनंतर शंभरांहून अधिक वर्षांनी त्याच वाड्यात पुन्हा एक विधवा आणि एक दत्तक बाळ! कायदाही तोच होता.

राजवाड्यांत संमती शिंदे-होळकरांची लागे, आपल्यासारख्यांच्या घरी भाऊबंदांची. मुंबई हायकोर्टाने १८६८ साली मराठी मुलखात विधवेला कुणाच्या संमतीची गरज नाही असे म्हटले. १८७९ साली एकत्र कुटुंबातील विधवेला भाऊबंदांची संमती हवी असे ठरविले. ते बंधन सुटायला पुढची पन्नास वर्षे लागली. भाऊबंदांच्या विरोधामागे कारण होते. विधवेने वीस वर्षांनी दत्तक घेतला तरी त्याचा हक्क दत्तक बापाच्या मृत्यूच्या दिवसापर्यंत मागे जाई, आणि वाटून घेतलेली शेते पुन्हा मोजावी लागत. म्हणून घरात विधवा म्हणजे टांगती तलवार, अशी समजूत होती. माझ्या चुलतपणजीला होकार मिळाला नाही तो याच भीतीपोटी. घरातली माणसे दुष्ट होती असे मला वाटत नाही. कायद्याने त्यांना तिचे शत्रू करून ठेवले होते.

१९५६ साली हे सारे एका वर्षात बदलले. वारसा कायद्याने स्त्रीची हयातीपुरती मालकी पूर्ण केली. दत्तक कायद्याने विधवेला आणि अविवाहितेलाही स्वतःच्या अधिकाराने मूल घेण्याची मोकळीक दिली. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. कोणत्या नात्यातले मूल घ्यावे याचा जुना निषेध गेला. आणि दत्तक आल्याने दुसऱ्याची हाती आलेली मालमत्ता सुटणार नाही असे ठरले. भाऊबंदांची भीती अशी एका कलमाने गेली. तरी नवरा असलेल्या स्त्रीला स्वतःच्या नावाने मूल घ्यायला २०१० पर्यंत थांबावे लागले, आणि त्यालाही नवऱ्याची संमती लागतेच. मुलीला जन्मतः हिस्सेदार मानणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली. आपल्या मध्य प्रदेशात ती २००५ साली केंद्राच्या कायद्याने आली. देवासच्या दोघा भावांनी केलेली सारखी वाटणी बहिणीपर्यंत पोचायला पावणेतीनशे वर्षे लागली.

देवासनेही एक जुना नियम वाकविला. थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कन्या दिली होती. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. नात्याने ते राजाराम महाराजांचे भाचे, म्हणजे बहिणीचा मुलगा, ज्याला द्विजांच्या शास्त्राने मनाई होती. नऊ वर्षांनी कायद्याने ती मनाई सर्वांसाठीच काढली. घरे आधी चालतात, कायदा मागून येतो, हे मैनाबाईंपासून चालत आले आहे.

१९४८ साली धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. मैनाबाईंनी राखलेले राज्य राहिले नाही. पण ज्या अरुंद दारातून त्या गेल्या ते दार आता रुंद झाले आहे, आणि आज एखादी विधवा मूल घेते तेव्हा कुणा शिंद्याचे वा होळकराचे तोंड पाहावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले की विधवेने घेतलेले मूल तिच्या दिवंगत पतीचेही मूल ठरते. तिचे ते आहेच, हे आता वेगळे सांगावे लागत नाही.

आमच्या वंशावळीची नवी प्रत मी मागच्या महिन्यात पुरी केली. प्रत्येक पुरुषापुढे त्याच्या पत्नीचे नाव लिहिले. जिथे माहेरचे नाव कळले तिथे तेही. दोन दत्तकांपुढे त्यांना जन्म देणाऱ्या आईबापांची नावे घातली. चुलतपणजीच्या सुकलेल्या फांदीवर तिचे नाव लिहिले, आणि ज्या दीराच्या मुलाला ती मांडीवर घेऊ इच्छीत होती त्याच्यापर्यंत एक बारीक तुटक रेघ ओढली. कायद्याने त्या रेघेला काही अर्थ नाही. घरातल्या लहान मुलांनी मात्र पहिल्यांदा तिच्यावरच बोट ठेवून विचारले, ही कोण? मग मी त्यांना आधी मैनाबाईंची गोष्ट सांगितली आणि नंतर तिची.